वार्धक्यातील आक्रमकता, संप्रेरके आणि संमती : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

स्मृतिभ्रंश म्हटले की आपल्या मनात प्रथम येतो तो विसराळूपणा. तथापि रुग्णाच्या घरच्यांना जेरीस आणतो तो बहुधा विसराळूपणा नसतो. आंघोळीच्या वेळी मुलाचा हात पिरगाळणारे वडील, घास भरवणाऱ्या सुनेच्या अंगावर ताट फेकणारी सासू, मध्यरात्री दार उघडून बाहेर निघालेले आणि अडवताच काठी उगारणारे आजोबा, अशा प्रसंगांनी कुटुंबे मोडकळीस येतात. या आक्रमक वर्तनाला आवर घालण्यासाठी आधुनिक वैद्यकाने जे उपाय योजले, त्यांपैकी लैंगिक संप्रेरकांचा उपाय मराठीत फारसा चर्चिला गेलेला नाही.

प्रस्तुत लेखात या उपायाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. ज्यांची संमती घेणे अवघड, अशा माणसांच्या शरीरावर औषधाने वा शस्त्राने ताबा मिळवण्याविषयी महाराष्ट्रात १९८० आणि १९९० च्या दशकांत जे वाद झाले, त्यांच्या प्रकाशात त्याचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्नही केला आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : वृद्धाला शांत कसे करावे, हा प्रश्न या इतिहासात पुनःपुन्हा विचारला गेला, तो का चिडला, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर संप्रेरकांत शोधताना रुग्णाच्या संमतीचा विचार जवळजवळ गळून पडला.

नाशिकच्या संदर्भात हा विषय दूरचा नाही. नाशिकरोडची सरकारी मुद्रणालये, ओझरचा विमान कारखाना आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती यांतून निवृत्त झालेली मोठी पिढी आज वार्धक्यात आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यांपैकी एकही उत्तर महाराष्ट्रात नाही. त्यामुळे अशा रुग्णाचा भार येथे मुख्यतः घरावरच पडत आला आहे. देशपातळीवरील पाहणीवर आधारित आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत.

१. दोन मराठी शब्द

वैद्यकीय परिभाषा येण्यापूर्वीच मराठीने या अवस्थेला नाव दिले होते. 'म्हातारचळ' या शब्दात वृद्धाचा हट्ट, चिडखोरपणा, बालिशपणा आणि अवेळी उफाळलेली कामभावना हे सारे एकत्र येते. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण त्याच जातीची. या शब्दांत थट्टा आहे, पण एक प्रकारची सहनशीलताही आहे. चळ हा वयाचा धर्म मानल्यामुळे त्यावर इलाज करण्याचा आग्रह नव्हता. आयुर्वेदात मात्र याकडे अधिक गांभीर्याने पाहिले गेले. चरकसंहितेत धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या कर्माला प्रज्ञापराध म्हटले असून उन्मादाचे निदान व चिकित्सा स्वतंत्रपणे सांगितली आहे.

दुसरा शब्द 'खच्ची करणे'. उधळणारा खोंड खच्ची केला की तो नांगराला जुंपण्याजोगा होतो, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. प्रयोगशाळेतील संप्रेरकशास्त्राचा आरंभही याच निरीक्षणातून झाला. जर्मनीतील गटिंगेन येथे बर्टोल्ड यांनी १८४९ मध्ये कोंबड्यांचे वृषण काढले, तेव्हा त्यांचा तुरा आणि भांडखोरपणा ओसरला. वृषण पुन्हा शरीरात बसवताच दोन्ही परत आले. नर-ग्रंथीतून रक्तात उतरणारे काहीतरी द्रव्य आक्रमकतेला कारण असते, हे अनुमान येथून रूढ झाले. मराठीत 'खच्चीकरण' हा शब्द पुढे मनोधैर्य मोडण्याच्या अर्थाने वापरला जाऊ लागला. पशूला लागू पडणारा उपाय माणसाला लावला की त्यात माणसाचे आणखी काय मोडते, याची जाणीव या लाक्षणिक अर्थात दडलेली आहे.

२. ग्रंथीपासून गोळीपर्यंत

'हॉर्मोन' ही संज्ञा १९०५ मध्ये इंग्लंडमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी प्रचारात आणली. १९३८ मध्ये लंडन येथे डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले. ते स्वस्त होते आणि तोंडावाटे देता येत होते. १९४१ मध्ये शिकागोच्या हगिन्स यांनी पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगात इस्ट्रोजेनचा उपयोग दाखवला. या कार्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुरुषाच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन औषधाने दाबता येते, हे आता सिद्ध झाले होते.

कर्करोगाबाहेर या शोधाचा उपयोग झाला तो मुख्यतः ज्यांचे वर्तन समाजाला नको होते अशा पुरुषांवर. इंग्लंडमध्ये १९४९ मध्ये गोला आणि हॉज यांनी लैंगिक गुन्हेगारांवरील संप्रेरकोपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांना समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरवण्यात आले आणि तुरुंग टाळण्यासाठी एक वर्ष इस्ट्रोजेन घेण्याची अट त्यांना मान्य करावी लागली. १९५४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांना राजक्षमा मिळाली ती २०१३ मध्ये. ट्यूरिंग यांनी संमती दिली होती, हे कागदोपत्री खरे आहे. परंतु तुरुंग आणि औषध यांतून एकाची निवड करायला लावणे म्हणजे संमती घेणे नव्हे, हे आज सर्वमान्य आहे.

याच काळात भारतातूनही एक शामक औषध जगाला मिळाले. सर्पगंधेच्या मुळाचा उन्मादावर उपयोग देशी वैद्यकात होत होता. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याविषयी लिहिले. मुंबईचे हृदयविकारतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनमधील नियतकालिकात रक्तदाबावरील तिचा उपयोग मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५४ पर्यंत तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य अमेरिकेतील मनोरुग्णालयांत वापरले जाऊ लागले. क्लोरप्रोमाझिनही त्याच सुमारास आले. प्रक्षुब्ध रुग्णाला औषधाने शांत करण्याचे युग अशा रीतीने सुरू झाले. संप्रेरके या युगातील एक आडवाट म्हणून टिकून राहिली.

३. वृद्धांवरील प्रयोग आणि त्यांचे निष्कर्ष

स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांवर संप्रेरकांचा वापर १९८० च्या दशकात वैद्यकीय साहित्यात ठळकपणे दिसू लागतो. १९८७ मध्ये कूपर यांनी चार वृद्ध पुरुषांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्या अनुचित लैंगिक वर्तनासाठी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे द्रव्य दर आठवड्याला ३०० मिलिग्रॅम या प्रमाणात वर्षभर टोचण्यात आले. वर्तन सुमारे दोन आठवड्यांत थांबले. येथे प्रश्न लैंगिक वर्तनाचा होता, मारहाणीचा नव्हता. मात्र पुढील चर्चेत या दोहोंतील सीमारेषा अनेकदा पुसट झाली.

शारीरिक आक्रमकतेसाठी इस्ट्रोजेन वापरण्याचा प्रस्ताव अमेरिकेत क्योमेन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडला. १९९९ मध्ये त्यांनी चार आठवड्यांची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात आक्रमकता कमी झाल्याचे तीत दिसले. परंतु चाचणीत दीड डझनही रुग्ण नव्हते. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील हॉल आणि सहकाऱ्यांनी त्वचेवर चिकटवायच्या इस्ट्रोजेनच्या पट्ट्यांची चाचणी पुरुष रुग्णांवर घेतली. तीत लक्षणीय लाभ आढळला नाही. उलट औषध थांबवल्यानंतर आक्रमकता उसळल्याची नोंद झाली. २००७ मध्ये स्पेनमध्ये सिप्रोटेरॉन या टेस्टोस्टेरॉनविरोधी औषधाची हॅलोपेरिडॉलशी तुलना २७ अल्झायमर रुग्णांवर करण्यात आली आणि सिप्रोटेरॉन सरस ठरले. हा अभ्यासही प्राथमिक स्वरूपाचाच होता.

या चाचण्यांविषयी तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, त्यांचा आकार. उपचारपद्धती रूढ करण्यासाठी जो पुरावा लागतो, त्याच्या जवळपासही ही संख्या जात नाही. दुसरी, धोके. पुरस्थ कर्करोगाच्या रुग्णांत स्टिलबेस्ट्रॉलमुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढतात, हे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६७ मध्येच दाखवले होते. २००३ मध्ये ४,५३२ स्त्रियांवरील मोठ्या अमेरिकी चाचणीत असे आढळले की, पासष्टीनंतर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेतल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होण्याऐवजी सुमारे दुप्पट होतो. सिप्रोटेरॉनच्या बाबतीत मेंदूच्या आवरणातील गाठींचा धोका लक्षात घेऊन युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले.

तिसरी गोष्ट गृहीतकाची. आक्रमकता ही पुंसंप्रेरकाची करणी असेल, तर स्त्रियांत ती नगण्य असायला हवी. प्रत्यक्षात अल्झायमर विकाराची पहिली रुग्णच स्त्री होती. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या आणि १९०६ मध्ये मृत्यू पावलेल्या ऑगस्ट डी. या रुग्णेच्या नोंदींत विस्मरणाबरोबरच पतीविषयीचा संशय, आरडाओरडा आणि तपासणीला विरोध यांचा उल्लेख आहे. शिवाय अशा रुग्णांची आक्रमकता दिवसभर सारखी नसते. आंघोळ, कपडे बदलणे, शौचाला नेणे अशा वेळी, म्हणजे दुसऱ्याचा हात अंगाला लागतो तेव्हा, ती प्रामुख्याने उफाळते. रक्तातील द्रव्य दिवसभर तेच असताना राग ठरावीक वेळीच का येतो, याचे उत्तर खोंडाच्या दृष्टान्तातून मिळत नाही.

संप्रेरकांकडे वळण्याचे एक कारण मात्र समजण्याजोगे आहे. मनोविकारावरील प्रचलित औषधेही निर्धोक नव्हती. नव्या पिढीतील मनोविकारविरोधी औषधे स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांना दिल्यास मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये १७ चाचण्यांच्या आधारे दिला. २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तो लागू केला. अल्झायमरमधील प्रक्षुब्धतेसाठी त्या प्रशासनाने २०२३ मध्ये प्रथमच मान्य केलेल्या ब्रेक्सपिप्राझोल या औषधावरही तोच इशारा छापलेला असतो. डॉक्टर आणि कुटुंब या दोघांची कोंडी खरी आहे आणि तिला हलके लेखून चालणार नाही.

४. महाराष्ट्राचा अनुभव : संमती कोणाची?

कूपर यांनी वृद्धांना टोचलेले मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन भारतात 'डेपो-प्रोव्हेरा' या नावाने गाजले, ते स्त्रियांचे गर्भनिरोधक म्हणून. टोचून द्यायच्या गर्भनिरोधकांविरुद्धचा लढा त्याआधीच सुरू झाला होता. १९८५ मध्ये आंध्र प्रदेशातील पाटनचेरू येथील आरोग्य केंद्रात 'नेट-एन' या इंजेक्शनच्या चाचणीसाठी आलेल्या स्त्रियांना पुरेशी माहिती न देता इंजेक्शन दिले जात असल्याचे स्त्रीशक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांना आढळले. १९८६ मध्ये 'सहेली' व इतर संघटनांसह त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १९९३ मध्ये डेपो-प्रोव्हेराला खाजगी विक्रीची परवानगी मिळाल्यावर मुंबईतील आणि देशातील स्त्री-संघटनांनी पुन्हा विरोध केला. १९९५ मध्ये औषध तांत्रिक सल्लागार मंडळाने ते कुटुंबनियोजन कार्यक्रमात घेऊ नये अशी शिफारस केली. पुढे धोरण बदलले आणि २०१७ मध्ये ते 'अंतरा' या नावाने शासकीय कार्यक्रमात आले.

या वादाचा स्मृतिभ्रंशाशी संबंध काय? 'अंतरा'ची मात्रा तीन महिन्यांतून एकदा १५० मिलिग्रॅम असते. कूपर यांच्या रुग्णांना तेवढ्याच काळात सुमारे ३,९०० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वीसपट, द्रव्य मिळत होते. सुजाण, तरुण, प्रश्न विचारू शकणाऱ्या स्त्रीला दिल्या जाणाऱ्या अल्प मात्रेविषयी माहितीपूर्ण संमतीचा आग्रह तीस वर्षे धरला गेला आणि तो योग्यच होता. मग नाव विचारले तरी गोंधळणाऱ्या वृद्धाला सव्वीसपट मात्रा देताना तो आग्रह अधिक कडक हवा. स्त्री-संघटनांनी घेतलेला आक्षेप येथे नेमका लागू पडतो : इंजेक्शन एकदा टोचले की नको म्हणण्याची सोय उरत नाही, गोळी थुंकता तरी येते.

दुसरा अनुभव अधिक वेदनादायक आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद स्त्रियांवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीतील अस्वच्छता आणि लैंगिक अत्याचारातून गर्भधारणेची भीती ही कारणे पुढे करण्यात आली. स्त्री-संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या विरोधानंतर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळी विचारला गेलेला प्रश्न असा होता : ही शस्त्रक्रिया त्या स्त्रियांच्या हितासाठी आहे, की त्यांची देखभाल करणाऱ्यांच्या सोयीसाठी? अपुरे कर्मचारी आणि अपुरी सुरक्षितता यांवरचा उपाय रुग्णाच्या शरीरात शोधला जात होता. वृद्धांच्या संप्रेरकोपचाराविषयी हाच प्रश्न शब्दशः विचारता येतो.

५. कायद्यातील वाट आणि पोकळी

१९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याचा भर रुग्णाला अटकावून ठेवण्यावर होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने परिभाषा सुधारली. रुग्णाचे अधिकार मध्यवर्ती झाले ते २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने. या अधिनियमातील मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार आणि भावनेबरोबरच दिशाभान व स्मृती यांतील गंभीर बिघाडाचा समावेश असल्यामुळे स्मृतिभ्रंशाचा रुग्णही तिच्या कक्षेत येऊ शकतो. कलम ९५ अन्वये मानसिक आजारावरील उपचार म्हणून स्त्री वा पुरुषाची निर्बीजीकरण शस्त्रक्रिया करण्यास आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १० नुसार, वंध्यत्व आणणारी वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीविना करता येत नाही. तत्पूर्वी २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने बलात्काराच्या गुन्हेगारांसाठीही सक्तीच्या रासायनिक खच्चीकरणाची शिक्षा मानवी हक्कांशी विसंगत म्हणून नाकारली होती.

या तरतुदी एकत्र ठेवून पाहिल्यास एक पोकळी दिसते. शस्त्राने केलेले कायमचे निर्बीजीकरण निषिद्ध आहे. औषधाने केलेले, थांबवल्यास उलटणारे दमन मात्र कोणत्याही कलमात नावानिशी येत नाही. गुन्हेगाराला जे संरक्षण वर्मा समितीने देऊ केले, ते कोणताही गुन्हा न केलेल्या वृद्धाला निदान तितकेच मिळावयास हवे. अधिनियमात त्यासाठी साधने आहेत. कलम ५ मधील आगाऊ निर्देश आणि कलम १४ मधील नामनिर्देशित प्रतिनिधी या तरतुदींमुळे, विकाराच्या आरंभी, निर्णयक्षमता शाबूत असतानाच, पुढे आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत हे व्यक्तीला लिहून ठेवता येते.

६. रागाचा अर्थ

या इतिहासाला कलाटणी देणारा पुरावा संप्रेरकांच्या बाहेर सापडतो. नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांत ३५२ स्मृतिभ्रंशग्रस्त रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला आठ आठवडे वेदनाशमनाचा टप्प्याटप्प्याचा उपचार देण्यात आला. त्यांतील बहुतेकांना मिळाली ती साधी पॅरासिटामॉल. त्या गटातील प्रक्षुब्धता सुमारे १७ टक्क्यांनी घटली. दुखऱ्या खांद्याला धरून आंघोळीला नेले जाणाऱ्या माणसाला 'दुखते' हा शब्द आठवत नाही, म्हणून तो हात उगारतो. अशा वेळी आक्रमकता ही त्याची भाषा असते. संप्रेरकाने हात खाली आणता आला तरी खांदा दुखतच राहतो, आणि ते सांगण्याचे उरलेले साधनही त्याच्यापासून हिरावले जाते.

आपल्याजवळचा अनुभव गोव्याचा आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तेथील ८१ कुटुंबांत केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्थानिक, अल्प प्रशिक्षित गृहभेट सल्लागारांनी सहा महिने घरी जाऊन विकाराची माहिती दिली, त्रासदायक वर्तन कसे हाताळावे हे शिकवले आणि गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञाचे साहाय्य मिळवून दिले. काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनाचा त्यांना होणारा त्रास लक्षणीयरीत्या कमी झाला. वर्तनाच्या तीव्रतेत मात्र लक्षणीय घट दिसली नाही. हा निष्कर्ष प्रामाणिकपणे वाचावयास हवा. रुग्ण फारसा बदलला नाही, तरी घर सावरले. एवढ्यासाठी रुग्णाच्या शरीराला हात लावावा लागला नाही.

वृद्धाच्या संतापामागे अर्थ असतो, ही जाण मराठी साहित्याला नवी नाही. नाशिकला वास्तव्य असलेल्या वि. वा. शिरवाडकरांनी १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'मधून ती महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवली. गणपतराव बेलवलकर स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नव्हेत. पण त्यांचा उद्रेक औषधाने शांत करावा असे कोणाही प्रेक्षकाला वाटत नाही, कारण त्याचे कारण प्रेक्षकाला ठाऊक असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे दुर्दैव हे की, त्याची कथा त्याला स्वतःला सांगता येत नाही आणि ती शोधून काढण्याइतका वेळ कोणाजवळ नसतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. स्मृतिभ्रंशातील आक्रमकतेवर लैंगिक संप्रेरकांच्या उपयुक्ततेचा पुरावा अल्प, परस्परविसंगत आणि धोक्यांच्या तुलनेत अपुरा आहे. हा उपाय उदयास आला तो खच्चीकरणाच्या जुन्या दृष्टान्तातून आणि ज्यांचा आवाज क्षीण अशा व्यक्तींवर. महाराष्ट्रातील व देशातील स्त्री-आरोग्य चळवळीने संमतीचा जो निकष घडवला, तो वृद्धांच्या उपचारांनाही लावणे क्रमप्राप्त आहे. अपवादात्मक परिस्थितीत, इतर सर्व उपाय थकल्यावर, तज्ज्ञाला हा उपचार विचारात घ्यावासा वाटल्यास त्यापूर्वी वेदना, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, अपुरी झोप आणि श्रवणदोष यांचा शोध घेतला गेला आहे काय, उपचाराची मुदत ठरली आहे काय आणि रुग्णाच्या पूर्वीच्या इच्छेची नोंद पाहिली आहे काय, हे लेखी नमूद होणे आवश्यक वाटते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकला आहे. वैद्यक, आयुर्वेद आणि परिचर्या या सर्व शाखांचे अभ्यासक्रम एका छत्राखाली असणे ही मोठी सोय आहे. वृद्धाच्या आक्रमकतेचे कारण शोधण्याचे कौशल्य आणि संमतीचा हा इतिहास या अभ्यासक्रमांत एकत्र शिकवला जावा. समाजशास्त्र, विधी व समाजकार्य या विषयांच्या प्राध्यापकांनाही येथे काम आहे : आपल्या शहरातील किती कुटुंबे हा भार एकट्याने वाहत आहेत, याची पाहणी महाविद्यालयीन पातळीवर होऊ शकते. तशी पाहणी झाल्याखेरीज गोव्यासारखी गृहभेटीची व्यवस्था नाशिकमध्ये उभी करण्याची मागणी आकड्यांनिशी मांडता येणार नाही, आणि तोपर्यंत औषधाची चिठ्ठी हाच कुटुंबांना दिसणारा एकमेव मार्ग राहील.